कांदळाच्या नमुन्यासाठी मालवणला

यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली आणि मालवणहून बाबी मेस्तांचं पत्र आलं. हे दोघे मिळून फरश्या करत. नमुना ह्यांचा, माती आणि भट्टी मेस्तांची. तिथल्या एका वाचनालयाच्या ओसरीला फरशी हवी होती आणि मेस्तांना ह्यांचा शेवटचा, खाडीकाठच्या कांदळाचा नमुना आठवत होता. ह्यांच्या वहीत त्या नमुन्यात कांदळाची पानं काढलेली होती, चारही कोपरे मात्र कोरे. काम अर्धवट राहिलं असं समजून मी प्रत्येक कोपऱ्यात एक पान काढलं, कागद टपालाने पाठवला आणि ठरल्या दिवशी निघाले.

नांदगावहून कणकवली, तिथून कसालमार्गे मालवण. गाडी एकदाच बदलावी लागते, पण कणकवलीत तास-दीड तास धरून चाला. सामान टपावर देऊ नका, धुळीने सगळं लाल होतं. बंदराजवळच्या खाणावळीत उकडा भात, बांगड्याची कढी बारा आण्यांत मिळाली. वाढणारीने विचारलं, "एकटीच इलंस?" मी मान हलवली. तिने आणखी भात वाढला.

मेस्तांच्या अंगणात नमुन्याच्या चार फरश्या होत्या. भाजून झिलई दिलेले तुकडे ओल्या सिमेंटात बसवलेले, तांबूस जमिनीवर हिरवी पानं. चारही जोडून ठेवल्या तर मधोमध नुसती गर्दी.

"कोपरे कोणी भरले?" मेस्तांनी विचारलं.

"मीच. मोकळे ऱ्हवलेले."

त्यांची बायको हसली. "ह्यां काय जेवणाचां पान गो, मोकळां दिसलां की वाढूचां?"

संध्याकाळी वाचनालयाचे मास्तर येणार होते. पसंत पडलं नाही तर ते बाजारातली तयार फरशी आणणार, म्हणजे ह्यांचा नमुना वहीतच राहणार. मेस्तांनी चाकूच्या टोकाने माझी पानं उचलली, त्या जागी पांढरे तुकडे दाबले आणि फरश्या पुन्हा जोडल्या. चार पांढऱ्या कोपऱ्यांचं मिळून कांदळाचं चार पाकळ्यांचं फूल झालं. एकट्या फरशीत ते कुठेच नव्हतं.

मी ओणवून बराच वेळ बघत राहिले.

मास्तर आले, चपला काढून भोवती फिरले. "हीच घालूया," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले. जाऊबाईंनी दारातच विचारलं, "झालो काय गो नमुनो पुरो?"

"तो पुरोच होतो."

वहीत अजून तीन नमुने आहेत. त्यांना मी पेन्सिल लावत नाही. एकेकाच्या चार प्रती काढते, शेजारी शेजारी ठेवते आणि बघते.