अप्पांचा चोरखिसा

जुन्या वस्तूंना आता मोबाइलवर गिऱ्हाईक मिळतं. कंबर मोडलेली खुर्ची जाते, मान टाकलेला पंखा जातो. जुन्या किश्श्यांना मात्र कोणी विचारत नाही! म्हणून ते साचतात. आमच्याकडे तर या जुन्या वस्तूंच्या खरेदीचेच इतके साचलेत की त्यातले थोडे आज फुकट काढतोय. घ्या. आगाऊ रक्कम पाठवायची गरज नाही.

आमच्याकडे म्हणजे तिघांकडे. नांदेडच्या पाटबंधारे कचेरीतून मी कारकून म्हणून निवृत्त झालो. लोक अजून 'भाऊसाहेब' म्हणतात. पेन्शनीबरोबर तेवढं मिळतं. दुसरे विश्वनाथअप्पा, मूळचे उदगीरकडचे, कचेरीचे स्टोअरकीपर. तिसरे शेखभाई, कचेरीच्या जीपचे ड्रायव्हर. जीप भंगारात गेली, शेखभाई राहिले. आता त्यांची स्वतःची जुनी कार आहे आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर आम्ही तिघं.

*

अप्पांनी नोकरीभर मागणीपत्राशिवाय कोणाला एक खिळा दिला नाही. मोठ्या साहेबांनी बल्ब मागितला तर म्हणाले, "आधी जुना जमा करा!"

हे अप्पा फसले!

त्यांच्या घरी, म्हणजे कमलवहिनींकडे, पूर्वी पायानं चालवायची शिलाई मशीन होती. आमच्या पोरींचे शाळेचे झगे तिच्यावरच शिवलेले. अप्पांच्या ऑपरेशनच्या वेळी ती विकली. वहिनी त्यावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण अप्पा एकदा मला म्हणाले, "शिंप्याच्या दुकानावरून जाताना तिची चाल हळू होते, भाऊसाहेब. आवाज ऐकते."

म्हणून अप्पांनी गुपचूप मोबाइलवर मशीन शोधली. विकणारा मिलिटरीतला! वर्दीतला फोटो, ओळखपत्र, जम्मूला बदली. "अंकल, पहले गाडीभाडा." पाठवलं. "गेटपास का बाकी है." तेही पाठवलं. "गाडी निकल गई, अब पूरी रकम." तीही! गाडी कुठली यायला? मग फोनही लागेना.

शेखभाईंनी विचारलं, "अप्पा, स्टोअर में खिळे के वास्ते इत्ते सवाल करते थे. उस कू एक बी नै पूछे?"

"वर्दीत होता हो. मी तर घरी फोनवर उभं राहून बोलत होतो." अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "शेवटी 'जय हिंद' म्हणला. मी पण म्हणलो!"

पोलिसांत तक्रार दिली. हवालदारानं नीट लिहून घेतली. बाहेर आल्यावर अप्पांनी आम्हा दोघांचे हात धरले. "कमलला कळू द्यायचं न्हाई. रागवंल म्हणून न्हाई. कळलं तर ती पुन्हा मला मशीनचं नाव काढू देणार न्हाई. मला ती मशीन घ्यायचीच हाय."

त्या दिवसापासून अप्पांचं पान बंद, रिक्षा बंद. वहिनींना सांगितलं की डॉक्टरांनी पान सोडायला लावलंय. डॉक्टरांना ही गोष्ट अजून माहीत नाही!

*

त्यानंतर टपरीवर कायदा झाला. कायदा शेखभाईंचा: "चीज देखो, हात लगाओ, चला के देखो. फिर पैसा!" त्याला मी कारकुनी पोटनियम जोडले. एकट्यानं जायचं नाही. अनोळखी घरी शक्यतो जायचं नाही. चारचौघांत, उजेडात भेटायचं.

पहिला प्रयोग माझ्या सायकलीवर. डॉक्टरांनी मला खरोखरच व्यायाम सांगितला होता. एका पोरानं मोबाइलवर चांगली सायकल टाकलेली, भावही असा की शंका यावी. मी फोन केला. "बाळा, पोलीस चौकीसमोर भेटू. सुरक्षित जागा आहे."

पोरानं आवाज खाली आणला.

"काका, तिथं नको."

"का रे?"

"तिथले साहेब मला ओळखतात!"

*

शेखभाईंना कोणी फसवू शकत नाही, कारण त्यांना समोरच्याचं ऐकण्यात रस नसतो. त्यांनी जुना टेप विकायला काढला. लगेच एकाचा फोन. भाव केला नाही, काही विचारलं नाही. मोबाइलवर ते चौकोनी चिन्ह पाठवलं आणि म्हणाला, "चाचा, हे स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात."

शेखभाई म्हणाले, "बेटा, फकीर कटोरा आगे करता, जेब नै खोलता. पैसा लेने कू मेरा पिन काय कू?"

"चाचा, सिस्टीमच तशी आहे."

"हौ क्या? फिर तू तेरा पिन बता. मैं डाल देता!"

*

मुदखेडला एका मुलीला अभ्यासाचं टेबल विकायचं होतं. मला नातवासाठी हवं होतं. एकट्यानं जायचं नाही, म्हणून तिघं गेलो. गाडीतून पहिले शेखभाई उतरले. त्यांच्या मिशा पाहिल्या तर आमचे ठेकेदारही बिलं मागे घेत. मुलीनं खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावली. मग फोन आला, "काका, घरी नको. स्टेशनवर या, तिकीट खिडकीसमोर."

आम्हाला आमचाच पोटनियम!

गेलो. ती आली. बरोबर आई, मावशी, दोन शेजारणी, एक आजोबा आणि हातगाड्यावर टेबल. ते सगळे एका बाजूला उभे, आम्ही तिघं दुसऱ्या बाजूला. आजोबांनी घसा साफ केला. "आपण राहता कुठं? मुलं किती?"

शेखभाई माझ्या कानात म्हणाले, "भाऊसाहेब, टेबल बाजू में. ये तो रिश्ते की बैठक लग री!"

टेबल घेतलं, पैसे दिले, मुलीनं बँकेचा मेसेज आलेला पाहिला, मग हसली. म्हणाली, "सॉरी काका, भीती वाटली."

अप्पा तिला म्हणाले, "भीत जा, पोरी. मी न्हाई भ्यालो!"

*

माझा कूलर मात्र अजून घरी आहे. झालं असं, एक तरुण तो घ्यायला आला. मोबाइल माझ्यासमोर धरला. हिरवी खूण, टिंग असा आवाज. "गेले पैसे, काका."

मी म्हणालो, "तुमच्याकडून गेले. माझ्याकडे आले का ते बघू. बँकेचा मेसेज येईपर्यंत बसा."

चित्रं खोटीही असतात आणि आवाज तर कोणीही काढतं. पण त्या दिवशी नेटवर्कच गेलेलं. पोरगा बिचारा बसला. चहा झाला. पोहे झाले. रिकामं बसवेना म्हणून त्यानं कूलर उघडला, पंप साफ केला, मोटरीला तेल दिलं. कूलर सुरू झाला, आणि असा वारा सुटला की भिंतीवरचं कॅलेंडर उडालं!

तेवढ्यात मेसेज आला. पैसे खरंच आले होते. पोरगा खरा निघाला.

आतून बायको आली. वाऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "चालतोय की! कशाला विकून राहिले मग?"

तिच्यापुढे अपील नसतं. मी शरमून पोराचे पैसे परत पाठवले, वर मोटरीची मजुरीही दिली आणि म्हणालो, "बाळा, माफ कर. ये आता."

तो खुर्चीत मागे टेकून बसला.

"थांबतो, काका. माझा मेसेज येऊ द्या!"

*

अप्पांचं पान बंद होऊन बरेच महिने झाले होते. पुरेसे पैसे साठले, पण आता अप्पांना धीर होईना. मशीन बघायला जायचे आणि काहीतरी खोट काढून परत यायचे. घरी निराळीच चिंता. "शेजारणींच्या साड्या घेऊन बसते. हातानं फॉल लावते. डोळे फोडून घेते नुसते. मशीन असती तर..." अप्पा वहिनींबद्दल सांगायचे.

मग मुखेडला एक मशीन निघाली. गेलो. दारात पाऊल टाकलं आणि अप्पा जागीच थांबले. भिंतीवर मालकांचा फोटो. वर्दीत!

हे खरोखरचे निवृत्त सुभेदार होते. पण अप्पा वळले आणि गाडीत जाऊन बसले. सुभेदार गोंधळले. "काय चुकलं माझं?"

सांगावं लागलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पैसे नंतर चोरले त्यानं. आधी वर्दी चोरली."

ते चालत गाडीपाशी आले, पाय जुळवले आणि अप्पांना कडक सॅल्यूट ठोकला. "त्या हरामखोराच्या वतीनं माफी मागतो, साहेब."

अप्पा आदरानं उठून उभे राहिले. गाडीत! टपाला डोकं असं आदळलं की शेखभाई आधी गाडीच्या टपाकडे धावले.

मशीन जाम होती. हेही सुभेदारांनीच सांगितलं. "घेऊ नका. बायकोच्या पश्चात कोणी हात लावला नाही तिला." आम्ही आपले बाहेरून पॉलिश बघत होतो!

परतीच्या वाटेवर अप्पा टेंगूळ चोळत म्हणाले, "मशीनमधलं आपल्याला काय कळतं? जिला कळतं तिलाच न्यायला पायजे."

*

पण वहिनींना न्यायचं कसं? तोड शेखभाईंनी काढली. "बोलो, मेरी बहू के वास्ते लेना है."

वहिनी एका शब्दात तयार झाल्या. मशीन लातूरला होती. वहिनींनी आदल्या दिवशी अप्पांच्या बनियनला आतून हातानं चोरखिसा शिवून दिला. "प्रवास हाय. तुमच्या पेन्शनीचे काय असतील ते पैसे आत ठेवा." अप्पांनी सगळी पानं आणि सगळ्या रिक्षा त्यात ठेवल्या.

विकणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आता लेकीकडे राहायला निघालेल्या. त्यांनी आम्हाला आत घेतलं, पण शेजारीण दाराशी बसवलेली, हातात लाटणं! "पोळ्या करत होते, तशीच आले," असं ती म्हणाली. आम्ही विश्वास ठेवला आणि अंतर ठेवून बसलो.

वहिनींनी मशीनचं झाकण काढलं. पट्टा ओढून पाहिला, बॉबिन काढून परत बसवली. सुईत दोरा पहिल्या खेपेला गेला. पायानं पायडल हलवलं आणि तो आवाज सुरू झाला. अप्पा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बाई म्हणाल्या, "रिकामी कोणाचीही चालते. कापडावर बघा, मग पैशाचं बोलू." पण कापड कुठून आणायचं? घरातलं सगळं खोक्यांत बांधलेलं.

वहिनी म्हणाल्या, "अहो, बनियन द्या तुमचं."

"माझं? अगं, चारचौघांत..."

"दाराआड जा. वरून सदरा हाय की."

आमची तिघांची नजरानजर झाली. अप्पा दाराआड गेले आणि बनियन घडी करून, दोन्ही हातांनी, लहान मूल द्यावं तसं घेऊन आले. वहिनींनी ते सुईखाली धरलं. चोरखिशाच्या हातशिलाईवर एक टीप मारली. बनियन फिरवलं, दुसरी मारली. फिरवलं, तिसरी. मग खिशाच्या तोंडावर चौथी!

"अगं, अगं, त्यात..."

"हाव. ठाव हाय."

त्यांनी दातानं दोरा तोडला, टीप नखानं तपासली आणि बनियन अप्पांच्या हातात दिलं. मग कमरेची पिशवी सोडली, त्यातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि बाईंपुढे ठेवल्या. "बघून घ्या, बाई. मशीन चांगली ठेवली तुम्ही."

शेखभाईंनी तोंड उघडलं. "भाभी, वो... मेरी बहू..."

"सुनबाईला म्हणावं, काय शिवायचं असंल तर घेऊन ये माझ्याकडं."

अप्पा बनियन छातीशी धरून उभेच होते. "कमल, आणि हे पैसे?"

वहिनी मशीनचं झाकण लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"राहू द्या तसेच. मिलिटरीवाल्याचा पुन्हा फोन आला तर लागतील! आणि या वेळी बसून बोला. गुडघे दुखतात तुमचे."