एकच शिडी आणि बारा विमानं

त्या छोट्या विमानतळावर तिला सगळे शिडीताई म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. विमान आलं की त्याच्या दाराला शिडी लावायची, लोक उतरले की शिडी काढायची, हे तिचं काम. शिडी म्हणजे खांद्यावर टाकून पळायची शिडी नव्हे. ट्रकच्या पाठीवर बसवलेला अख्खा जिनाच तो, वर उभं राहायला ओटा, दोन्ही बाजूंना कठडे. हे सगळं धूड चालवत न्यायचं आणि कोट्यवधींच्या विमानाला ओरखडाही न उठवता दाराशी नेऊन टेकवायचं.

नवरा गेला तेव्हा मुलगी दुसरीत होती. तो इथेच सामानाची गाडी चालवायचा. त्याच्या जागी कामावर घेतलं तेव्हा ऑफिसात टेबलावरचं काम मिळत होतं, पण हिनं सांगितलं, मला गाडी येते, गाडीच द्या. पहिल्या दिवशी टँकरवाला, म्हणजे विमानांत इंधन भरणारा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "बाजूला व्हा रे, आज विमानाला भोक पडणार!" भोक पडलं नाही. पुढे कित्येक वर्षं पडलं नाही. टँकरवाल्यानं आपले शब्द केव्हाच मागे घेतले होते, आणि आता तो तिच्या डब्यातला घासही हक्कानं उचलायचा.

या कामात एक गोष्ट अशी आहे की ती बाहेरच्या कुणाच्या डोक्यातही येत नाही. विमान जागच्या जागी खाली-वर होतं. माणसं आणि सामान उतरलं की चाकांवरचा भार कमी होतो आणि ते हळूहळू वर उचललं जातं. माणसं चढू लागली की पुन्हा खाली बसतं. उघडं दार शिडीच्या ओट्याच्या वर असतं. त्या दोघांत चार बोटं जागा ठेवली नाही, तर भरत चाललेलं विमान आपलं दार ओट्यावर टेकवतं, दार मुरगळतं आणि ते विमान कुठेही जात नाही. म्हणून लोक चढत असताना शिडीवाल्यानं शिडी सोडायची नसते. ओटा खाली-वर करणाऱ्या दांड्यापाशी उभं राहायचं, मान वर करून पाहत राहायचं आणि विमान बसेल तसा ओटा खाली घ्यायचा. कंटाळवाणं काम. मान आखडते. पण ते करताना तिला कुणी मोबाईलमध्ये डोकं घातलेलं पाहिलं नाही.

त्या दिवशी मात्र मोबाईल तिच्या खिशात चालू होता.

सकाळी मोठ्या शहराच्या विमानतळावर एका मालवाहू विमानाचं चाक मोडलं आणि ते नेमकं दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात तिथेच बसलं, भर रस्त्यात म्हशीनं बसावं तसं. मोठा विमानतळ बंद. वर आकाशात असलेली विमानं मग जिथे जागा मिळेल तिथे उतरू लागली. दिवसाला दोन-तीन विमानं पाहणाऱ्या या छोट्या विमानतळावर दुपारपर्यंत बारा येऊन उभी राहिली. इमारतीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बाहेरच्या रस्त्यावर प्रवाशांना न्यायला आलेल्या गाड्यांची अशी कोंडी झाली की दुसऱ्या पाळीचा शिडीवाला तीत अडकला तो अडकलाच. उंच विमानांना पुरेल अशा शिड्या दोन होत्या, त्यातली एक दुरुस्तीला गेलेली. उरली एक शिडी आणि ती चालवणारी एक बाई.

बारावं विमान उतरलं, आणि थोड्याच वेळात तिचा फोन वाजला.

"आई, उजवीकडे बघ. शेवटचं, निळ्या शेपटीचं."

"काय उजवीकडे? तू आत्ता ढगात आहेस ना?"

"अगं, ढगात कसली! तुझ्या अंगणात आहे मी. खिडकीतून तुझी शिडी दिसतेय मला."

तिची एकुलती एक लेक परदेशात नोकरी करायची. तीन वर्षांत घरी आली नव्हती. कंपनीनं आता तिला आणखी दूरच्या देशात पाठवलं होतं, आणि वाटेत मोठ्या विमानतळावर दोन तास थांबून ती पुढे जाणार होती. सुट्टी एका दिवसाचीही नव्हती. शिडीताईनं मनाची तयारी केली होती. शेजारणीला म्हणालीही होती, "जाईल बापडी आपल्या डोक्यावरून. मी वर बघून हात करीन." आणि आता तीच लेक हाकेच्या अंतरावर येऊन बसली होती. फक्त तिला उतरता येत नव्हतं. परदेशातून आलेल्यांची तपासणी करायची सोय इथे नव्हती, त्यामुळे त्या विमानातल्या कुणालाही खाली पाय ठेवायची परवानगी नव्हती.

 शिडीताईनं वॉकीटॉकीवर विचारलं, "साहेब, निळ्या शेपटीला शिडी लागणार आहे का?"

ड्यूटी मॅनेजर वयानं तिच्यापेक्षा लहान, पण त्या दिवशी म्हातारा दिसत होता. शर्ट बाहेर आलेला, घसा बसलेला. "लागेल की. पाणी आणि बिस्किटांची खोकी चढवायची आहेत. सगळ्यांनाच चढवायची आहेत. का हो?"

तिनं कारण सांगितलं.

 तो म्हणाला, "ताई, जा. आधी तिलाच लावा. दाराशी उभी करतील तिला, पाच मिनिटं बोलून घ्या. आज इथे कोण कुणाला विचारतंय?"

ती गाडीत बसली. गाडी सुरू केली. तिथून निळ्या शेपटीकडे जायचं तर वाटेत चौथं विमान लागत होतं. त्या विमानाचं आतलं गारवा देणारं यंत्र बंद पडलं होतं. ऊन थेट अंगावर, आत पावणेदोनशे माणसं, तान्ही मुलं. पुढचं दार थोडंसं उघडून एक एअर होस्टेस वारा घ्यायला उभी होती, तिच्या गळ्यातला रुमाल पिळावा इतका ओला.  तिनं फक्त शिडीकडे पाहिलं.

शिडीताईनं चाक वळवलं.

फोनवर लेकीला म्हणाली, "अगं, यांना आधी उतरवते. उकडून निघालेत आत."

"उतरव ना. मी कुठे पळतेय?" लेक म्हणाली. मग जरा थांबून, "आई, तू टोपी का नाही घातलीस? एवढ्या उन्हात?"

"आली मोठी शहाणी. तू पाणी प्यायलीस का?"

चौथ्या विमानातले लोक उतरले. इमारतीत जागाच नव्हती, म्हणून त्यांना दुरुस्तीच्या मोठ्या शेडमध्ये सावलीला नेलं. मग पाचवं, तिथे एकाला चक्कर आली होती, डॉक्टर वर न्यायचा होता. मग सातवं. मग परत दुसरं. शिडी इकडून तिकडे फिरत राहिली आणि प्रत्येक वेळी निळी शेपटी आणखी थोडी लांब जात राहिली. टँकरवाला पाईप ओढताओढता ओरडला, "ताई, आज तुम्ही लग्नघरातल्या एकुलत्या एक आचाऱ्यासारख्या आहात! सगळ्यांना आधी तुम्हीच हव्या."

"मग तू पंगतीत बसू नकोस, पाईप ओढ!"

आई म्हटलं की एकच वेडेपणा लोकांना माहीत असतो: सगळं टाकून लेकराकडे धावणं. तोही खराच. पण दुसऱ्याच्या लेकरांना उन्हात ठेवून आपल्या लेकराकडे धावलेली आई त्या लेकराला काय तोंड दाखवणार, असाही एक हिशेब आईच्या मनात असतो, आणि तो फार जीव घेतो. शिडीताई त्या दुपारी दोन्ही घेऊन गाडी चालवत होती. दर वळणावर तिचे डोळे आपोआप उजवीकडे जायचे.

ऊन कलल्यावर बातमी आली. मोठ्या विमानतळानं एक धावपट्टी मोकळी केली होती. चौथ्या विमानालाही बाहेरून वीज जोडून आत गारवा करून झाला होता. शेडमधल्या लोकांना परत चढवायचं होतं. शिडीताईनं शिडी लावली, चार बोटं मोजली आणि दांड्यापाशी उभी राहिली. लोक चढू लागले.

तेवढ्यात खिशातून आवाज आला. "आई, आम्ही निघतोय म्हणतात. पायलटनं आत्ताच सांगितलं."

"निघता? आणि पाणी? खोकी चढवायची आहेत ना तुमची?"

"नको म्हणाला तो. आमच्याकडचं कुणी उतरलेलंच नाही, म्हणून पहिला नंबर आमचा लागला. आत्ता गेलो नाही तर नंबर जाईल."

तिनं वर पाहिलं. निम्मे लोक अजून खालीच होते. ओट्यावर गर्दी, विमान नखानखानं खाली बसत होतं. तिनं दांडा किंचित दाबला. टँकरवाला धावत आला. त्यालाही कळलं होतं. एव्हाना सगळ्या विमानतळाला कळलं होतं.

"ताई, तुम्ही पळा! त्या विमानाच्या खिडकीखाली तरी जाऊन उभ्या राहा. मी बघतो इथलं. दांडाच दाबायचा ना?"

"कधी दाबायचा?"

"तुम्ही सांगा, कधी?"

"तेच तर सांगून कळत नाही रे." तिचा आवाज फाटला. "हे दार टेकलं तर ही सगळी माणसं रात्रभर इथे. तान्ही मुलं आहेत."

 टँकरवाला तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

रांग सरकत होती. शेवटी उरली एक आजी, जाडजूड, गुडघ्यांनी बेजार, आणि तिची पिशवी. आजीनं शिडीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एवढी उंच कुणी बांधली गं ही?"

"मी नाही हो आजी. मी फक्त आणून लावते."

"मग धर मला. उतरले तेव्हा निम्मा जीव गेला, आता उरलेला जाईल."

शिडीताईनं आधी ओटा आणखी थोडा खाली घेतला, टँकरवाल्याला "दांड्याला हात लावलास तर बघ" असं बजावलं आणि आजीचा दंड धरला. एकेक पायरी. आजी मध्येच थांबून धापा टाकायची आणि धाप लागलेल्या अवस्थेतही बोलायची. "तुझं लक्ष कुठे आहे? मी पडेन ना!"

"नाही पडणार. माझी लेक जातेय हो त्या विमानातून."

"कोणत्या?"

"ते निळ्या शेपटीचं. हललं बघा आता."

आजीनं मान वळवून पाहिलं, आणि मग जे गुडघे दर पायरीला दुखत होते ते एकदम बरे झाल्यासारखी ती उरलेल्या पायऱ्या चढून गेली. "चल चल, वर चल. वरून दिसेल."

एअर होस्टेसनं आजीला आत घेतलं. शिडीताई ओट्यावर एकटी उरली. निळ्या शेपटीचं विमान धावपट्टीकडे जायला निघालं होतं आणि त्याची वाट या विमानासमोरूनच जात होती. खाली उभी असती तर तिला त्याचं पोट आणि चाकं तेवढी दिसली असती. इथे ती खिडक्यांच्या उंचीवर होती.

विमान संथपणे समोर आलं. तिनं डोळे ताणले, आणि चकितच झाली. प्रत्येक खिडकीत हात होता. पुढच्या खिडकीपासून मागच्यापर्यंत, मोठे हात, मुलांचे हात, एकात रुमाल, एकात बाहुली, आणि सगळे हलत होते. ती कठड्याला धरून उभी राहिली. डावा हात हलवला, मग दोन्ही हलवले. चेहरे काचेमागे, काचेवर मावळतीचं ऊन. एक खिडकी पाहावी तोवर पुढची निघून जात होती.

लेकीचा हात कुठला ते कळायच्या आत शेवटची खिडकी गेली. तिनं खिशातला फोन कानाशी धरला.

"आई! दिसले का मी?"

 "दिसलीस ना. न दिसायला काय झालं?"

"मी सांगितलं सगळ्यांना. शेजारच्या काकांना म्हटलं, ती शिडीवरची माझी आई आहे, जरा खिडकी द्या. त्यांनी पुढच्यांना सांगितलं, पुढच्यांनी त्यांच्या पुढच्यांना. दुपारपासून सगळे तुलाच बघतायत गं. ते काका म्हणतात, यांना बसायला कुणी खुर्ची का देत नाही?"

"त्यांना म्हणावं, मी बसले तर ही सगळी विमानंही इथेच बसतील." आणि मग, राहवलं नाही म्हणून, "केस कापलेस वाटतं?"

 पलीकडून लेकीचं हसू आलं, ओलसर. "नाही गं. वर बांधलेत."

"हां, तेच. बांधलेत म्हणून तसं वाटलं."

"चांगले दिसतात का?"

"चेहरा मोकळा दिसतो," ती म्हणाली. "पोचलीस की कळव. आणि फोन बंद कर आता, ते सांगत असतील."

वॉकीटॉकीवर ड्यूटी मॅनेजरचा बसका आवाज आला, नवव्या विमानाला शिडी हवी होती. शिडीताईनं बाहीनं तोंड पुसलं. दार बंद करायला आलेल्या एअर होस्टेसनं तिचा हात हातात घेऊन घट्ट दाबला. ती पायऱ्या उतरून गाडीत बसली, आणि टँकरवाल्यानं काही विचारायच्या आत म्हणाली, "दिसली. केस वर बांधलेत तिनं. चल, बाजूला हो, गाडी मागे घ्यायचीय मला."