बसता न येणारा आरोपी

ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. दोन हजार सालानंतरची काही वर्षं माझी नेमणूक भाईंदर पश्चिमेच्या पोलीस ठाण्यात होती. एका मेडिकल दुकानाची मागची खिडकी उचकटून चोराने फक्त दुखण्यावरची, गुंगी आणणारी इंजेक्शनं नेली होती. गल्ल्याला हात लावला नव्हता. आम्ही पंचनामा करून गुन्हा नोंदवला.

बंदरावर बर्फ वाहणाऱ्या आमच्या खबऱ्याने सांगितलं, "साब, एक खलाशी है. सुबह टेढ़ा चलता है, थोड़ी देर में एकदम सीधा."

त्या खलाशाच्या घरझडतीत रिकाम्या कुप्या सापडल्या. चौकशीत मात्र तो गप्प. हवालदाराने बसायला सांगितलं तरी भिंतीला टेकून उभाच. हवालदाराला तो माज वाटला. संध्याकाळी त्याला घाम सुटला, नाक गळू लागलं, हात थरथरू लागले. मी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं.

"त्यांना बसाया जमत न्हाय," ती म्हणाली. "बोटीवर पडले, तवापासून कंबर गेली. हाडांच्या डॉक्टरनी इंजेक्शनं दिली, त्याची सवय लागली. मग तेच डॉक्टर म्हणाले, हा नशा करतोय, इथं आनू नका. नशा सोडवायच्या केंद्रात नेलं, तर तिथं इंजेक्शन बंद केलं. कमरेचं कुनी इचारलं न्हाय. पळून आले."

तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "चोरी मीच केली, साहेब. मजेसाठी न्हाय. जरा अंथरुणाला पाठ टेकता यावी म्हनून."

जबाब नोंदवून त्याला बंदोबस्तात सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "दुखणं तसंच ठेवलं तर सवय सुटणार नाही. दोन्ही एकत्रच बघावं लागेल." त्यांनी मोजून औषध दिलं, जोडीला कमरेचे व्यायाम लावले आणि औषध हळूहळू उतरवत नेलं. तो जामिनावर घरी गेल्यावर डोस बायकोच्या हातात ठेवला.

त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका झाली. मध्ये एकदा तो पुन्हा नशेकडे घसरला, पण दुकान न फोडता स्वतःच डॉक्टरांकडे गेला. समुद्र सुटला तो सुटलाच. पुढे किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करताना दिसायचा. कंबर पूर्ण बरी झाली नाही, पण त्याला बसता येऊ लागलं होतं.

त्यानंतर नशेबाज म्हणून कोणाला ठाण्यात आणलं की मी नावगाव विचारून झाल्यावर एक प्रश्न जास्तीचा विचारायचो, "कुठे दुखतंय का?" बहुतेक जण हसायचे. काही जण मात्र सांगायला लागायचे.