माझ्या हातात दिलेली काठी

मळीचा वास आला की ढोकीच्या साखर कारखान्यापुढची ती दुपार आठवते. कित्येक रात्री न झोपलेला माझा मामा कोयता घेऊन उसाच्या ट्रॉलीवर चढला होता आणि जवळ आलात तर जीव देईन म्हणत होता. गर्दी ओरडली, "साहेब, हाणा त्याला!" अशा प्रसंगांचं प्रशिक्षण नुकतंच घेतलेल्या हवालदारानं आपली काठी माझ्याकडे दिली, पोलिसांच्या काठीविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या माझ्याकडे, आणि तो खाली मातीत बसला. "काका, सावकाश बोला. मी ऐकतो." मामा खेकसला, "तुला दुसरं काम न्हाय व्हय?" "आज हेच हाय." मामाला आधी हसू फुटलं, मग रडू, आणि कोयता हातातून गळाला. मी अजून पत्रकं काढतो. मागणी मात्र आता एकच, हे प्रशिक्षण प्रत्येक ठाण्याला द्या.