दंडाचं लुगडं

निवृत्त झाल्यापासून मी विश्रांतवाडीतल्या घरी परप्रांतीयांना मराठी शिकवते. मध्यंतरी एक ओडिया मुलगी येत असे. आयटीत नोकरी, लग्न मांजरीतल्या शेतकरी घरात. नवऱ्याशी तिचं इंग्रजीत भागायचं, सासूबाईंना मात्र मराठीशिवाय काही येत नव्हतं.

एका शनिवारी ती आली आणि वही न उघडताच सांगू लागली. ऑफिसातल्या कार्यक्रमासाठी तिने सासूबाईंचं सुती लुगडं मागून नेलं होतं. परतताना पिशवीतून लोंबणारी घडी स्कूटरच्या चाकात अडकली आणि लुगडं मधोमध फाटलं. तिने लगेच ऑनलाइन नवं मागवलं. सासूबाईंनी ते न उघडता कपाटात ठेवून दिलं.

"आई रागावल्या नाहीत," ती म्हणाली. "एवढंच म्हणाल्या, आता दंड घालावा लागंल. मॅडम, मी द्यायला तयार आहे. पण घरातल्या माणसाला दंड?"

तो शब्द मीही कित्येक वर्षांनी ऐकत होते. मी तिला सांगितलं, हा दंड वेगळा. लुगड्याचा फाटलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन चांगले तुकडे एकमेकांना शिवायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. लुगडं थोडं आखूड होतं, पण नेसता येतं.

"म्हणजे शिक्षा नाही?"

"नाही. दुरुस्ती."

तिने वहीत तो शब्द लिहून घेतला. मग 'माझं चुकलं' हे वाक्य तिने माझ्याकडून दोनतीनदा म्हणवून घेतलं.

पुढचं तिने नंतरच्या शनिवारी सांगितलं. फाटकं लुगडं घेऊन ती सासूबाईंपाशी गेली आणि म्हणाली, "दंड मी घालते. दाखवा."

"सुई धरता येती का?"

"नाही."

"मग बस हितं."

दुपारभर दोघी शिवत होत्या. तिची शिवण वाकडी गेली तेव्हा सासूबाईंनी वीतभर उसवून पुन्हा घालायला लावली. शेवटच्या टाक्याला तिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"त्ये कळलं," सासूबाई म्हणाल्या. "दोरा तोड."

पाडव्याला सासूबाई तेच लुगडं नेसल्या. शिवण निऱ्यांत गेली होती, तिला शोधूनही दिसली नाही. नवं लुगडं अजून कपाटातच आहे, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.