भिंतीवरचा न मोजलेला चेहरा

शत्रुघ्न वाघुळदे मूळचा भुसावळचा. एकोणीस वर्षं झाली, तो कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीचं काम घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समन आहे. बसवून झालेली पाइपलाइन साइटवर जाऊन मोजायची आणि जशी आहे तशी ड्रॉइंगवर उतरवायची, हे त्याचं काम. जिथं माप मिळत नाही तिथं तो रेघ ओढत नाही. 'साइटवर पडताळावे' असं लिहितो आणि जागा मोकळी सोडतो.

त्याच ऑफिसात ड्रॉइंगची फाइल सांभाळायला फैसल होता, सीरियाचा. युद्ध सुरू व्हायच्या आधी तो तिकडे एका उत्खननावर मदतनीस होता. एका पडक्या चर्चच्या फरशीखाली त्यांना भुयारासारखी खोली लागली होती; रोमन काळातल्या मिथ्र देवाची. दोन्ही अंगांना बसायचे ओटे, आणि समोरच्या भिंतीवर रंगवलेला मिथ्र, बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून त्याला सुरा मारणारा. पुढे युद्धात कुणी तो रंगीत गिलावा कापून नेला, मग छतही बसलं. मूळ नोंदी ज्या गोदामात होत्या ते जळालं. उरले ते फैसलकडचे फोटो आणि त्याची मापांची वही.

जर्मनीतल्या एका प्राध्यापक बाईंना पुस्तकासाठी त्या भिंतीचं रेखाचित्र हवं होतं. फैसलने शत्रुघ्नला गळ घातली. "मोहंदिस, पाइप काढतोस तशी ही भिंत काढून दे." अरबीत इंजिनियरला मोहंदिस म्हणतात. शत्रुघ्न इंजिनियर नव्हता, पण फैसल कधी दुसरं काही म्हणाला नाही.

मग दर शुक्रवारी दुपारी शत्रुघ्न फैसलच्या फहाहीलच्या घरी जाऊ लागला. दोघांचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले. फैसलची बायको रबिया चहा आणून ठेवायची.

"हा मिथ्र म्हणजे आमच्या वेदांतला मित्र का?" शत्रुघ्नने एकदा विचारलं.

"नाव तुमच्याकडच्या बाजूनं, इराणातून गेलं. बाकी किती गेलं, त्यावर विद्वान अजून भांडतात. त्या लोकांनी आपला धर्म लिहून ठेवलाच नाही. भिंती आणि दगड बघूनच सगळं ओळखायचं."

कुत्रा काढून झाला, साप झाला, बैलाला नांगी मारणारा विंचू झाला. एक मशाल वर धरलेला आणि एक खाली धरलेला, असे दोघे पहारेकरी झाले. अडलं ते मिथ्रच्या चेहऱ्याशी. त्या जागी एकाही फोटोत काही दिसत नव्हतं. नुसता दिव्याचा झगझगाट होता.

"बाकी सगळीकडे तो बैलावरून नजर फिरवून मागं बघतो," फैसल म्हणाला. "आमचा मात्र समोर बघत होता. आत येणाऱ्याकडे. तीन महिने रोज मी त्याच्यासमोर बसलोय. मी सांगतो, तू काढ."

"माप आहे का?"

"नाही."

"मग कसं काढू? न मोजलेली रेघ मी ओढत नाही, भाई."

फैसलचा चेहरा उतरला. "साइटवर जाऊन पडताळ म्हणतोस? साइट कुठाय?"

शत्रुघ्नने पेन्सिल खाली ठेवली. "पुढच्या शुक्रवारी बघू," असं म्हणून तो उठला.

घरी त्याने हे बायकोला, लीनाला सांगितलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, तुटक रेघ ओढायची होती. खाली लिहायचं, फैसलच्या आठवणीवरून."

इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, म्हणून तो स्वतःवरच चिडला. शुक्रवारी गेल्या गेल्या फैसलला हेच सांगायचं, असं त्याने ठरवलं.

मंगळवारी ऑफिसात फाइल काढता काढता फैसल खाली कोसळला. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. काहीही विचारलं तरी तो 'बुकरा' एवढंच म्हणे. बुकरा म्हणजे उद्या.

पंधरा दिवसांनी भेटीच्या वेळेत शत्रुघ्न तीन कागद घेऊन हॉस्पिटलात गेला. एकावर मागं बघणारा मिथ्र, एकावर खाली बैलाकडे, एकावर समोर. समोर बघत होता, हे फैसलने सांगितलेलं होतंच. पण मान किती वळलेली, डोळे केवढे, टोपी कपाळावर कुठवर, यातलं त्याने काहीच विचारलं नव्हतं.

त्याने समोर बघणारा कागद धरला. "असा होता का?"

फैसलने मान हलवली, हो.

शत्रुघ्नला बरं वाटलं. तरी खात्री म्हणून त्याने दुसरा कागद धरला. फैसलने मान हलवली, हो. तिसऱ्यालाही हो. डावा हात कागदावर फिरवत तो शत्रुघ्नकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला कळतंय आणि सांगता येत नाही, की काहीच कळत नाही, हे शत्रुघ्नला ओळखता येईना. रबियाने हलक्या हाताने कागद बाजूला केले. "भाईसाब, आज बस," ती म्हणाली.

तुटक रेघ ओढण्याइतकंही हाती नव्हतं, म्हणून शत्रुघ्नने चेहऱ्याची जागा मोकळी ठेवून रेखाचित्र पाठवलं आणि फैसल काय म्हणाला होता तेही लिहिलं. बाईंचं उत्तर आदराचं होतं. ऐकीव गोष्टीवरून आकृतीत काही घालता येणार नाही, मात्र तळटीपेत फैसलचं नाव आणि त्याचं म्हणणं देते, असं त्यांनी कळवलं. यात त्यांचं चुकलं असं शत्रुघ्नला म्हणता येईना. तो स्वतः तेच म्हणाला असता.

नोकरी गेल्यावर फैसलचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपत आला. रबियाने त्याला अम्मानला दिराकडे न्यायचं ठरवलं. शत्रुघ्न अर्धी सुट्टी टाकून विमानतळावर गेला. व्हीलचेअर तोच ढकलत होता. वाटेत दोनदा थांबून त्याने फैसलच्या अंगावरची चादर सारखी केली. दारापाशी कर्मचाऱ्याने खुर्ची ताब्यात घेतली आणि पुढं तिकीट असणाऱ्यांनाच सोडतात म्हणून सांगितलं. रबियाने मागं वळून हात केला. फैसलची खुर्ची दुसऱ्या बाजूला वळली होती. शत्रुघ्न पार्किंगकडे निघाला.