नणंदेच्या नावाने चष्मा

"पुढची ओळ वाच."

"नाय दिसत, मॅडम."

"बरं, तिच्या वरची?"

"ती पण नाय."

शहापूर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात आमचं डोळे तपासणीचं शिबिर चालू होतं. मी सरकारी रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. नाव भारदस्त असलं तरी मी डॉक्टर नाही. डोळे तपासायचे, नंबर काढायचा आणि आजार दिसला की सर्जनकडे पाठवायचं, एवढं माझं काम. शहापूर आणि मुरबाड, या दोन तालुक्यांत फिरता फिरता रिटायरमेंट जवळ आली.

समोर बारावीतली प्रणाली बसली होती. सतरा वर्षांची, चुणचुणीत. मी रेटिनोस्कोप घेतला. बॅटरीसारखं यंत्र असतं. डोळ्यात उजेड टाकला की आतून लालसर चमक येते, आणि ती कशी सरकते त्यावरून नंबर कळतो. समोरच्याला काही विचारावं लागत नाही, म्हणून तर तान्ह्या बाळाचाही नंबर काढता येतो. प्रणालीचे डोळे ठणठणीत होते.

मग मी शून्य नंबरची, म्हणजे खिडकीला असते तसली साधी काच तिच्या डोळ्यापुढे धरली. पोरीने शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं. वर म्हणते कशी, "बेस्ट दिसतं मॅडम, हाच नंबर द्या!"

माझं डोकंच फिरलं. चष्मा मिरवायची हौस असलेली एखादी तरी प्रत्येक शिबिरात भेटते. "फुकट मिळतो म्हणून नाटकं करतेस? लाज नाही वाटत?"

तिचा चेहरा पडला, डोळे भरून आले. "माज्यासाठी नको, मॅडम. माज्या वहिनीला पायजे."

"अगं, चष्मा म्हणजे काय ओढणी आहे? तू घ्यायची नि तिने घालायची?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. वहिनी म्हणजे दर्शना. बावीस वर्षांची, आणि प्रणालीच्याच वर्गात. दहावीनंतर तिचं लग्न झालं. पुढे सासूनेच तिला नणंदेबरोबर अकरावीला घातलं. गावाने नावं ठेवली, पण सासूने कुणाला भीक घातली नाही. आता मात्र दर्शनाला फळाच दिसेना. माझ्या डोक्यात शिरत नाय, मी बोर्डाचा फॉर्म भरत नाय, असं तिने घरी सांगून टाकलं होतं. फॉर्मची मुदत संपत आली होती.

"मग तीच का नाही आली तपासायला?"

"सर बोलले, अठराच्या वरच्यांनी वर्गातच बसा. ती बसलीय."

सर खोटं बोलले नव्हते. या शिबिरातला मोफत चष्मा अठरा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी असतो. पुढे म्हातारपणी वाचायचा चष्मा मिळतो. मी तिथूनच आमच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, बावीस वर्षांची विद्यार्थिनी आहे. चष्म्याच्या यादीत बसवता येईल का?"

"मॅडम, तुम्हाला नियम ठाऊक आहे."

"कॉलेजात शिकतेय हो ती."

"शिकू दे की. वय बावीसच ना?"

"मग मधल्या वयाच्यांनी काय करायचं?"

"मधल्यांनी विकत घ्यायचा," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

चष्म्याला वयाची अट होती, तपासणीला नव्हती. ताप असो, दात असो की डोळा, सरकारी रुग्णालयात कुठल्याही वयाचं माणूस दाखवू शकतं. लोक दोन्हीची गल्लत करतात आणि घरी बसतात. मी प्रणालीला म्हटलं, "जा, बोलाव तिला."

दर्शना ओढणी कपाळावर ओढून, डोळे बारीक करत आली. मी उजेड टाकला. लाल चमकेच्या बरोबर मधोमध काळा डाग. दुसऱ्या डोळ्यातही तसाच.

"उजेडात जास्त त्रास होतो का गं?"

"उनात तर कायच दिसत नाय. सांजच्याला जरा बरं."

"डोळ्यात काही औषध घालतेस?"

"भात झोडताना डोळे चुरचुरतात ना. मेडिकलवाल्याकडनं थेंब आनते. लई वर्षं झाली. घातले की लगेच बरं वाटतं."

बाटली तिच्या पिशवीतच होती. स्टिरॉइडचे थेंब. डॉक्टरने चार दिवस दिले तर औषध, स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं घातले तर मोतीबिंदू. म्हणजे डोळ्याच्या आतली काच धुरकट होते. हिच्या डोक्यात शिरत होतं सगळं, डोळ्यांतून आत जात नव्हतं इतकंच. जगातला कुठलाही चष्मा तिच्या कामाचा नव्हता.

पुन्हा साहेबांना फोन. "चष्मा नको. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"अरे देवा! मग पाठवा की लगेच. ऑपरेशनला कुठे वय लागतं?"

दुसऱ्या दिवशी सासू तिला घेऊन रुग्णालयात आली. "मॅडम, मोतीबिंदू व्हायचा तर मला व्हायचा, हिला कसा झाला? करा ऑपरेशन. पन माज्या सुनेची परीक्षा चुकता नये." तिने फॉर्म आधी भरायला लावला, मग सुनेला ऑपरेशनसाठी ठाण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. आमच्या सर्जनबाईंनीही परीक्षा ध्यानात ठेवून जवळच्या तारखा दिल्या. असल्या थेंबांनी डोळ्यांतला दाबही वाढतो, म्हणून तो तपासला; सुदैवाने ठीक निघाला. एक डोळा झाला, मग दुसरा. आतली लेन्स सरकारी, एक पैसा लागला नाही. बसवलेल्या लेन्सने लांबचं दिसतं, जवळचं वाचायला चष्मा लागतो. तोही ऑपरेशनबरोबर मोफतच मिळाला. बाविसाव्या वर्षी पोरीला चाळीशी लागली, पण बारावीचे सगळे पेपर तिने स्वतः वाचून लिहिले.

त्या दिवशी प्रणाली खरं बोलली असती तर मी "नॉर्मल" लिहून पुढच्या पोराला हाक मारली असती, आणि दर्शना वर्गातच बसून राहिली असती. त्या खोटारड्या पोरीचे मी मनापासून आभार मानते. तिला तसं सांगितलंही. ती लाजली.

आता शिबिरात कुणी खोटं खोटं वाचतंय असं दिसलं, की मी तापत नाही. हळूच विचारते, "घरात कुणाला दिसत नाही रे?" आतापर्यंत एक बाप आणि दोन आज्या सापडल्यात.